चढाला बसणारी गाडी

माझं काम ढोल वाजवण्याचं. खाली केगल्लपासून वर कँडीपर्यंत कुठेही लग्न असलं की आमचे चार ढोल ठरलेले, आणि लग्नाच्या सजवलेल्या मंचावर, पोरुवावर, नवरा-नवरी उभी राहिली की अष्टकं म्हणायला वेलगेदर गुरुतुमा, म्हणजे गुरुजी, ठरलेले. पियतिस्स वेलगेदर हे त्यांचं पूर्ण नाव. मावनेल्लच्या सरकारी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं संगीत शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखालचा. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. भाजीवालासुद्धा गुरुतुमाच म्हणतो.

आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही बोलायच्या थांबत. पण लोक त्यांना बोलावत ते त्यांच्या वेळेसाठी. ज्योतिषाने नऊ सत्तेचाळीस सांगितलं तर नऊ सत्तेचाळीसला त्यांचं पहिलं अक्षर बाहेर पडणार. एवढ्या वर्षांत एकदाही उशीर नाही. बसने जायचे तेव्हा लांबच्या लग्नाला आदल्या दिवशीच जाऊन राहायचे, लग्नघरच्या ओसरीवर चटई टाकून.

मग गुडघे दुखायला लागले. त्यातच एकदा कुरुणेगलच्या बसमध्ये शेजारच्या बाईच्या डब्यातली माशाची आमटी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सरोंगवर, म्हणजे लुंगीवर, सांडली. त्याच सरोंगमध्ये त्यांना पोरुवासमोर उभं राहावं लागलं. पुढच्या वर्षी निवृत्त झाले, आणि निवृत्तीचे पैसे व आईकडून आलेली नारळाची अर्धा एकर जमीन असं सगळं घालून त्यांनी गाडी घेतली. चंदेरी रंगाची, जपानी, छोटी पण उंच. आमच्याकडे अशा गाडीला सगळे जीपच म्हणतात. दोन हजार चार सालची, म्हणजे घेतली तेव्हाच पंधरा वर्षांची. कँडीच्या एका बँक मॅनेजरने वापरलेली. अडतीस लाख दिले. चंद्रलता अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हाच म्हणाल्या होत्या की एवढ्या पैशात छोटी नवी गाडी आली असती. गुरुतुमांचं म्हणणं, छोट्या गाडीत ढोल मावत नाहीत.

खरं होतं ते. मागे चारही ढोल मावायचे, मागच्या सीटवर तिघं, पुढे मी. पहिलं वर्ष आम्ही राजासारखे फिरलो.

दुसऱ्या वर्षी सरकारने बाहेरून गाड्या आणणं बंद केलं, आणि देशात जी गाडी होती तिचा भाव चढायला लागला. त्याच वर्षी आमची गाडी कुरकुरायला लागली.

आधी सकाळी चालू करताना इंजिनातून दोन सेकंद खडखड यायची आणि थांबायची. मग पुढच्या चाकांकडून ठक् ठक्. मग एसी. मग मागची डावी काच खाली गेली ती वर येईना, आणि नेमकं त्या दिवशी पाऊस. लयनल बासचं गॅरेज पुलाजवळ आहे. बास म्हणजे मिस्त्री. पण लयनल बास गाडीखाली शिरायच्या आधी पाच मिनिटं नुसता गाडीभोवती फिरतो, त्यामुळे लोकांना तो डॉक्टर वाटतो. त्याने पुढच्या आर्मचे रबरी बुश बदलले. महिन्याभरात इंजिनचे माउंट गेले. ते बदलले तर स्टिअरिंग थरथरायला लागलं.

गुरुतुमा एकदा चिडून म्हणाले, "बास, तू एक दुरुस्त करतोस आणि दुसरं बिघडवून ठेवतोस का?"

लयनल बास फडक्याला हात पुसत म्हणाला, "गुरुतुमा, सगळे एकाच वयाचे आहेत. बुश नवा केला की माउंट म्हणतो माझं काय. माउंट नवा केला की स्टिअरिंगचा रॅक. मी कोणाकोणाची समजूत काढू?"

सगळ्यात जास्त डोकं उठवलं ते डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याने. इंजिनाच्या चित्राचा दिवा. लयनल बास यंत्र जोडायचा, दिवा विझायचा, गुरुतुमा पैसे द्यायचे, आणि पूल ओलांडून गाडी बाजारात येते न येते तोच दिवा पुन्हा लागायचा. एक सेन्सर बदलला, मग दुसरा. इग्निशनच्या चारांपैकी दोन कॉइल बदलल्या. शेवटी गुरुतुमांनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. ज्या माणसाने आम्हाला एक सूर चुकला तर आख्खं गाणं पहिल्यापासून म्हणायला लावलं, त्याने दिव्यावर चिकटपट्टी लावली.

रुपया घसरला त्या वर्षी तर विचारायलाच नको. जो रेडिएटर आधी चाळीस हजारात येत होता तो एक लाख दहा हजारांवर गेला, तोही जुन्या गाडीतून काढलेला. त्याची प्लास्टिकची टाकी सहा महिन्यांत चिरली. दुकानदार म्हणाला, जुन्या मालाला गॅरंटी नसते. गुरुतुमा दोन लग्नांचं मानधन एका नळीत घालायचे आणि तिसऱ्या लग्नाला जाताना दुसरी नळी फुटायची.

विकायला मात्र तयार नव्हते. गंमत अशी की गाडी जितकी खंगत होती तितकी तिची किंमत वाढत होती. अडतीस लाखांना घेतलेली, आता लोक सत्तर द्यायला तयार. चंद्रलता अक्का रोज सकाळी चहासोबत तोच विषय काढायच्या. गुरुतुमांचं उत्तर ठरलेलं: ही विकून जे पैसे येतील त्यात याहून वाईट गाडी येईल. त्यात चूक काहीच नव्हती. म्हणूनच अक्कांची जास्त चिडचिड व्हायची.

गाडीचा भरवसा राहिला नाही तसे ते घरातून लवकर निघायला लागले. आधी तासभर, मग दोन तास. बदुल्लच्या एका लग्नाला आम्ही मुहूर्ताच्या पाच तास आधी पोहोचलो. लग्नघरची माणसं अजून उठली नव्हती.

शेवटी गिअरबॉक्सची पाळी आली. ऑटोमॅटिक गिअर. उतारावर, सपाटीवर काही नाही. पण चढ लागला, गाडी तापली, की इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं ऐकायची नाहीत. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालायची, जसं काही झालंच नाही. लयनल बासने तेल बदललं. जुनं तेल त्याने पांढऱ्या कागदावर ओतून दाखवलं. काळं, आणि त्यात बारीक चमकणारी पूड.

"ही पूड म्हणजे आतल्या प्लेटा," तो म्हणाला. "पेटी उघडावी लागेल. सात लाख धरून चला. आणि तोपर्यंत कडुगन्नावचा चढ चढू नका."

मावनेल्लहून कँडीला जायचं तर कडुगन्नावचा चढ चढावाच लागतो. आणि आमची निम्मी लग्नं कँडीकडची.

त्यातलं एक निलुक्षीचं होतं. निलुक्षी त्यांची विद्यार्थिनी. सहावीत असताना शाळेच्या कार्यक्रमात ती गायली, तेव्हा गुरुतुमा सगळ्यांसमोर तिला म्हणाले होते की तुझ्या लग्नात अष्टकं मी म्हणेन. आता ती पेराडेणियच्या इस्पितळात नर्स आहे. विड्याच्या पानांची जुडी घेऊन ती स्वतः आमंत्रणाला आली, पाया पडली. गुरुतुमांचे डोळे भरून आले होते; त्यांनी ते चष्म्यावर ढकललं.

लग्न पेराडेणियजवळच्या एका हॉटेलात. मुहूर्त नऊ सत्तेचाळीस. आमच्या गावापासून जेमतेम तीस किलोमीटर. आम्ही साडेसहाला निघालो. चंद्रलता अक्कांनी वाटेसाठी कीरिबत, नारळाच्या दुधातला भात, बांधून दिला आणि भाड्याची व्हॅन करा म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं. गुरुतुमांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही. आठवड्यापूर्वीच तेल बदललंय, रेडिएटर परत बदललाय, सकाळची हवा थंड आहे.

गणेतॅन्नपर्यंत गाडी छान चालली. चढ सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर इंजिनचा आवाज वर गेला, गाडी मात्र हळू हळू होत रस्त्याच्या कडेला थांबली. मागून बस, लॉऱ्या, सगळ्यांचे हॉर्न. आम्ही उतरून दगड लावले. सव्वासात वाजले होते. अर्धा तास थांबलो. गाडी पुन्हा चालू झाली, दोन वळणं चढली आणि पुन्हा बसली. या वेळी बॉनेटखालून वाफ.

समोरच एक चहाची टपरी होती. तिथल्या माणसाने सांगितलं की त्याच्या भावाची छोटी लॉरी वर निघाली आहे, सगळे आणि ढोल मावतील. मी गुरुतुमांना म्हटलं, चला. ते गाडीकडे बघत उभे राहिले.

"ही इथे टाकून?" ते म्हणाले. "संध्याकाळी परत येईन तेव्हा आरसे नसतील, बॅटरी नसेल, चाकं असतील की नाही माहीत नाही. सत्तर लाखांची वस्तू आहे, सुनंद."

गेल्या महिन्यात याच चढावर बंद पडलेल्या एका गाडीचे दिवे आणि आरसे कोणीतरी काढून नेले होते, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, मी थांबतो, तुम्ही जा. तर म्हणाले, "तू नसलास तर ढोलांना पुढे कोण घेणार? तुम्ही जा. लयनलला फोन केलाय, तो वीस मिनिटांत पोहोचतो. गाडी त्याच्या हवाली करतो आणि तुमच्यामागे येतो. आठच वाजतायत."

हिशेब बरोबर होता. आम्ही लॉरीत ढोलांबरोबर बसून गेलो.

लयनल बास वीस मिनिटांत आला नाही. खाली एक लॉरी आडवी झाली होती, रस्ता तुंबला होता, तो मोटारसायकलवर असूनही नऊला पोहोचला. तोवर वर जाणारंही काही येईना. नऊ दहाला गुरुतुमांचा मला फोन आला, की गाडी चालू झाली, निघतोय. बहुधा त्यांनी तेव्हा मोटारसायकलवर बसायला हवं होतं. पण गाडी चालू झाली होती, आणि चालू गाडीला सोडून जायला त्यांचं मन झालं नाही. नऊ पस्तीसला पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. म्हणाले, दगडातल्या बोगद्याच्या खाली गाडी बसली आहे. इथून पोहोचायला अर्धा तास लागेल.

मी निलुक्षीच्या मामाला सांगितलं. मामा माझ्यावर ओरडला, ते त्याचं बरोबरच होतं. दुसरा कोणी बोलवायला वेळ नव्हता, मुहूर्त पुढे ढकलता येत नाही. शेवटी असं ठरलं की गुरुतुमा फोनवरून अष्टकं म्हणतील आणि मी फोन माइकसमोर धरीन.

नऊ पंचेचाळीसला आम्ही ढोल वाजवले. निलुक्षी पोरुवावर चढली. कँडीच्या पद्धतीची पांढरी साडी, कपाळावर दागिने, आणि नजर माझ्या हातातल्या फोनवर. नऊ सत्तेचाळीसला, अगदी सेकंदावर, गुरुतुमांचं पहिलं अक्षर सभागृहात घुमलं. मला वाटलं, निभलं.

पहिलं अष्टक झालं. दुसरं सुरू झालं आणि मागून जाणाऱ्या बसचा हॉर्न आला, तो गाण्यासारखा वाजणारा लांबलचक हॉर्न, सगळ्या स्पीकरमधून. मागच्या टेबलांवर हशा पिकला. गुरुतुमा थांबले नाहीत. तिसऱ्या अष्टकाच्या मध्यावर आवाज तुटला, आला, पुन्हा तुटला, आणि फोन बंद झाला. मी परत लावला. लागेना. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती.

आणि मग पोरुवावरून आवाज आला. निलुक्षीने तिसरं अष्टक जिथे तुटलं होतं तिथून उचललं. नवरी कधी स्वतःच्या लग्नात अष्टकं म्हणत नाही. पण तिने म्हटली, नवऱ्याचा हात हातात धरून, डोळे मिटून, शेवटपर्यंत. तिचा आवाज दोनदा फाटला. तिची आई पदराने तोंड झाकून रडत होती. एकही माणूस हसला नाही.

रस्त्यावर काय चाललं होतं ते मला नंतर लयनल बासने सांगितलं. गुरुतुमा गाडीपासून जरा दूर, दगडाच्या भिंतीकडे तोंड करून, फोन कानाला लावून उभे होते. फोन बंद पडलाय हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी सगळी अष्टकं म्हटली, आशीर्वादाचे श्लोक म्हटले, शेवटी हातही उचलला. लयनलने फोनचा पडदा काळा झालेला पाहिला होता. पण मध्ये बोलायचं त्याला धाडस झालं नाही.

गाडी लयनलजवळ ठेवून ते हॉटेलवर पोहोचले तेव्हा लोक जेवायला बसले होते. निलुक्षी उठून आली, पाया पडली. तिने त्यांना जे झालं ते हसत सांगितलं, जणू गंमतच. गुरुतुमांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जेवले नाहीत, मानधनाचं पाकीट मामाच्या हातात परत दिलं आणि बाहेर जाऊन माझी वाट बघत बसले.

त्या दिवसाचा व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला. लोकांना ते फार आवडलं. बाजारात कोणी ना कोणी गुरुतुमांना थांबवून सांगायचं की तुमच्या शिष्येने नाव काढलं. ते मान हलवायचे. मला एकदा म्हणाले, "सगळ्यांना त्यात सुंदर दिसतं. मला एवढंच दिसतं की एका मुलीला स्वतःच्या लग्नात माझं काम करावं लागलं, कारण मी आरशांची राखण करत होतो."

मी म्हटलं, चूक गाडीची होती.

"गाडीने मला दोन वर्षं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी त्यावर चिकटपट्टी लावली."

महिन्याभराने निलुक्षी नवऱ्याला घेऊन घरी आली, केळी आणि केक घेऊन. गुरुतुमांनी तिची चौकशी केली, आणि ती निघताना दारात तिला सांगितलं की चौथ्या अष्टकात तू एक दीर्घ ऱ्हस्व केलास. ती म्हणाली, फाटक्या आवाजात लक्षात आलं नसेल असं वाटलं होतं. त्या दिवशी मी त्यांना बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं, तेही क्षणभर.

गाडी विकायची ठरली, आणि खरा वैताग तेव्हा सुरू झाला. गुरुतुमांनी शाळेच्या रेघी कागदावर गाडीचे सगळे दोष लिहून काढले. सतरा. गिअरबॉक्स चढावर घसरतो, इंजिन सकाळी खडखडतं, मागच्या ब्रेकचा सिलेंडर पाझरतो, मागची डावी काच हाताने ओढावी लागते, असं सगळं, सुवाच्य अक्षरात. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी कागद वाचून दाखवायचे, मग किल्ली. गंपोलचा एक व्यापारी अर्ध्यातच उठला. म्हणाला, "गाडी दाखवताय की तिची पत्रिका? असल्या स्थळाला कोण हो म्हणणार?"

चंद्रलता अक्का संतापल्या. "जगात कोणी असं करतं का? लोक मीटर मागे फिरवून विकतात, आणि हे सर्दी-खोकलासुद्धा लिहून देतात." मला म्हणाल्या, तू तरी सांग. मी सांगून पाहिलं. गुरुतुमांनी अठरावा दोष आठवून कागदावर लिहिला.

अकरा माणसं येऊन गेली. तीन महिने गाडी पोर्चमध्ये उभी राहिली आणि उभ्या उभ्या तिची बॅटरी बसली. नवी बॅटरी घ्यावी लागली, बेचाळीस हजार, केवळ लोकांना इंजिन ऐकवण्यासाठी.

बाराव्या होत्या पोलोन्नरुवच्या एक गुरांच्या डॉक्टर, थरंगनी नावाच्या. एकट्याच बसने आल्या. त्यांनी कागद गुरुतुमांच्या हातातून घेऊन स्वतः दोनदा वाचला, लयनल बासला बोलावून घेतलं, त्याला प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "आमच्याकडे चढ म्हणजे तलावाचा बांध. त्याहून उंच काही नाही. शेतातून, चिखलातून जायला उंच गाडी हवी. हिला तिथे डोंगर कुठून भेटणार?"

लयनल बासने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की सपाटीवर ही अजून चार-पाच वर्षं काढील. अठ्ठावन्न लाखांवर सौदा झाला. सत्तर मिळाले असते, असं अक्का अजून म्हणतात. पैसे बँकेत ठेवलेत. दुसरी गाडी घ्यायचा विषय काढला तर गुरुतुमा उठून आत जातात. अलीकडे आयात पुन्हा सुरू झाली. पण नव्या गाडीची किंमत ऐकून त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

आता ठरलंय की लग्नघराने व्हॅन पाठवायची. पहिली व्हॅन आली ती हेट्टिमुल्लच्या लग्नासाठी. पाच वाजता येणार होती. गुरुतुमा साडेचारपासून पांढऱ्या कपड्यांत ओसरीवर बसलेले, आम्ही ढोल घेऊन फाटकाशी. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. ड्रायव्हर फोन उचलेना.

पाच पन्नासला व्हॅन आली. ड्रायव्हर आरामात खाली उतरला, रस्त्यात इडिआप्पा, तांदळाच्या शेवया, खायला थांबलो होतो म्हणाला. गुरुतुमा आत बसले, दार ओढलं, ते नीट लागलं नाही, पुन्हा ओढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनंद, पुढच्या लग्नाला आदल्या दिवशी बसने जाऊ. माझी चटई अजून माळ्यावर आहे."

गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.